माईकला नावं ठेवण्याआधी



या शनिवारचा विषय थोडा हौशी वाटेल. गेम खेळता खेळता आपली कॉमेंट्री रेकॉर्ड करायची, आणि नंतर ऐकावं तर आपल्या आवाजामागे हेडफोनमधल्या गोळीबाराची बारीक कुरकुर! गेमचा आवाज वेगळा रेकॉर्ड झालेलाच असतो, त्यावर हा माईकमधून शिरलेला दुसरा. "आपण कुठे गेम रेकॉर्ड करतो?" असं म्हणून पुढे सरकणार असाल तर जरा थांबा. सोमवारच्या मीटिंगमध्ये आपण बोलतो आणि आपलाच आवाज थोड्या वेळानं परत कानावर येतो ना, ती हीच भानगड. ज्याच्या हेडफोनमधून ती चालू असते त्याला स्वतःला काहीच ऐकू येत नाही. बाकीचे वैतागलेले, आणि हा आपला निवांत :)

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी माझं मत आधीच सांगून टाकतो. नवा माईक घेऊन हा प्रश्न सहसा सुटत नाही. आवाज कोणत्या वाटेनं आत शिरतोय ते शोधलं की सुटतो. त्याला एक निवांत दुपार लागते, आणि फार तर एक साधा इअरफोन. पण सल्ला मागायला जा, दहातले आठ जण सांगणार, "चांगला माईक घे." अशा सल्ल्यानं खिसा कुणाचा हलका होतो, तर ज्याचा आधीच हलका आहे त्याचा.

हे आत्ता लिहायचं कारण घरचं आहे. आमचं गाव परभणी. मी नोकरीमुळे पुण्यात असलो तरी मावशीचं घर अजून तिकडेच, वसमत रोडच्या बाजूला. मावसभाऊ कॉलेजात आहे आणि रात्री लॅपटॉपवर गेम खेळत मराठीत कॉमेंट्री करतो. मराठी म्हणजे आपली परभणीची मराठी.. "काय करायलास बे, मागून यायलाय बघ!" छान बोलतो पोरगा, उगाच मुंबईचा आव आणत नाही. त्याचा फोन आला. "दादा, आठ हजाराचा माईक बघितलाय, काकांना पटवून दे." काकांना म्हणजे त्याच्याच वडिलांना. त्यांचं उत्पन्न म्हणजे कापूस आणि सोयाबीन. कापसाची पट्टी हातात आली की त्यात बियाण्याची उधारी, बहिणीची फी आणि आता हा माईक. मी म्हटलं, पटवतो, पण आधी मला रेकॉर्डिंग पाठव.

ऐकलं आणि त्याला सांगितलं की माईकचा यात फारसा दोष दिसत नाही. का, ते जरा सविस्तर सांगतो.

हेडफोनचा आवाज माईकमध्ये शिरायच्या वाटा तीन. पहिली हवेतून. हेडफोनच्या कपातून आवाज बाहेर गळतो आणि माईक तो ऐकतो. दुसरी तारेतून. साध्या हेडसेटच्या ३.५ मिमी पिनवर चार कप्पे असतात : डावा कान, उजवा कान, माईक आणि ग्राउंड. ग्राउंड सगळ्यांचा सामाईक. स्वस्तातल्या बारीक तारेत त्या सामाईक ग्राउंडला थोडा रोध असतो. कानाकडे जाणारा जोरकस प्रवाह त्यातून परतताना माईकच्या नाजूक सिग्नलवर आपली सावली टाकून जातो. वाड्यात एकाच नळावर दोन बिऱ्हाडं असली की एकानं तोटी सोडली की दुसऱ्याची धार हलते, तसं. तिसरी वाट सॉफ्टवेअरची. विंडोजमध्ये 'स्टीरिओ मिक्स' नावाचं एक इनपुट काही मशिनवर असतं, ते म्हणजे कॉम्प्युटरमध्ये वाजणारं सगळं. रेकॉर्डिंगसाठी चुकून तेच निवडलेलं असेल, तर बिचारा माईक या प्रकरणात कुठेच नसतो! माईकच्या प्रॉपर्टीजमध्ये 'लिसन टू धिस डिव्हाइस' अशी एक टिचकी असते, तीही असाच गोंधळ घालते.

आता यातली आपली वाट कोणती? आपण सॉफ्टवेअरवाले, डीबगिंग करतो तसंच करायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. गेम चालू ठेवा, हेडफोन डोक्यावरून काढा, पिन काढू नका. हेडफोन गोधडीत गुंडाळा आणि तार पुरेल तितका माईकपासून लांब ठेवा. मग अर्धा मिनिट गप्प बसून रेकॉर्ड करा. कुरकुर गेली? तर वाट हवेची. तशीच राहिली? तर वर सांगितलेल्या विंडोजच्या दोन जागा बघा आणि रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एकच आवाज दोनदा तर घेतला जात नाही ना, तेही बघा. तिथं सगळं नीट असेल तर राहिली तार. (हेडसेटचाच माईक असेल तर तो गोधडीबाहेर राहील असं बघा, नाहीतर परीक्षेला अर्थ नाही.)

तार दोषी निघाली तर माईक आणि कान वेगळे करायचे. माईकसाठी छोटं यूएसबी साउंड कार्ड मिळतं, पेनड्राइव्हएवढं. ते लावा, किंवा हेडसेटच यूएसबीचा वापरा. एकाच पिनचे दोन करणारा स्प्लिटर इथं हमखास उपयोगी पडेल असं नाही, कारण स्प्लिटरपासून कानापर्यंतची तार आणि तिचा सामाईक ग्राउंड तोच राहतो.

बहुतेकांच्या बाबतीत मात्र वाट हवेचीच निघते. भावाचंही तेच निघालं. आणि महागडा माईक नेमका इथंच हात टेकतो.

माईकच्या जाहिरातीत सांगतात की हा 'कार्डिऑइड' आहे, म्हणजे समोरचं ऐकतो आणि मागचं सोडून देतो. खरं आहे. माईकच्या पाठीमागे कूलर असेल तर त्याचा आवाज नक्की कमी येईल. पण हेडफोन कुठं असतो? ज्या डोक्याला तोंड आहे त्याच डोक्यावर! माईकच्या नजरेतून तोंड आणि कान जवळपास एकाच दिशेला. त्यानं कुणाला घ्यावं आणि कुणाला सोडावं? जास्त संवेदनशील माईक घेतलात तर तो तुमचं बोलणंही जास्त ऐकेल आणि कुरकुरही. दोन्हींचं प्रमाण तेच. आपल्याला बदलायचंय ते प्रमाण.

ते बदलायच्या गोष्टी अशा.

एक, माईक जवळ आणा आणि गेन खाली घ्या. तोंडापासून ४० सेंमीवर असलेला माईक १० सेंमीवर आणला की बोलण्याचा आवाज साधारण १२ डेसिबलनं वाढतो. माईक कानाच्याही जवळ येतो, पण कान काही तोंडाइतके जवळ येत नाहीत. त्यामुळे कुरकुर वाढते त्यापेक्षा बोलणं बरंच जास्त वाढतं. मग गेन तेवढा खाली घेता येतो. विंडोजमधलं 'मायक्रोफोन बूस्ट' शून्यावर आणा, ते आवाजाबरोबर कचराही फुगवतं. माईक तोंडासमोर सरळ धरण्यापेक्षा ओठांच्या कोपऱ्याकडे जरा तिरका ठेवा, म्हणजे 'प' आणि 'फ'चे फटके बसत नाहीत.

दोन, कान बंद करा. हेडफोनचे दोन प्रकार, पाठ उघडी आणि पाठ बंद. उघड्या पाठीचे घरात गाणी ऐकायला झकास, पण रेकॉर्डिंगला नकोत, कारण ते जेवढं आत वाजतात तेवढंच बाहेरही. कप एका कानावरून सरकवून ठेवायची सवय असेल तर तीही सोडा. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगला उपाय म्हणजे रबरी बोंडाचा, कानात घट्ट बसणारा तारेचा इअरफोन. कानाच्या आत वाजतो, बाहेर फारसं काही येत नाही. ब्लूटूथ मात्र टाळा. त्याचा माईक चालू झाला की तो सहसा फोन कॉलच्या पट्टीत शिरतो आणि गेमचा आवाजही टिनपाट होतो.

तीन, आवाज कमी करा. आमच्याकडच्या उन्हाळ्याची यात मोठी भूमिका आहे, मे महिन्यात परभणीत राहिलेल्याला वेगळं सांगायला नको. पारा ४३-४४, वर पत्रे, खाली शहाबादी फरशी आणि खिडकीत लोखंडी कूलर घोंघावतोय. कूलरमुळे गेम ऐकू येत नाही म्हणून हेडफोन मोठा केला, हेडफोन मोठा झाला म्हणून माईकमध्ये गळती वाढली, आणि कूलरवर मात करायला आवाज चढवून बोलला म्हणून घसा बसला. ही साखळी कुठं तोडायची? माझ्या मते कानात. घट्ट इअरफोननं कूलर बाहेर राहतो, मग आवाज आपोआप कमी ठेवता येतो. यात कानांचंही भलं आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आयटीयू यांनी २०१९ मध्ये एक मानक काढलं. त्यानुसार मोठ्या माणसानं आठवड्याला ४० तास ऐकायचं तर पातळी ८० डेसिबलपर्यंत असावी, मुलांसाठी ७५. रोज रात्री चार-चार तास कानात बॉम्ब फोडणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

"अरे, पण आता आवाज साफ करणारे फिल्टर फुकट मिळतात की!" मिळतात. ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात नॉइज गेट आहे, नॉइज सप्रेशनही आहे. पण त्यांना काय जमतं आणि काय नाही ते समजून घ्या.

नॉइज गेट म्हणजे वॉचमन. ठरावीक पातळीच्या वरचा आवाज आला की दार उघडतो, खाली गेला की लावून घेतो. तुम्ही गप्प असताना कुरकुर बाहेर राहते, पण बोलायला तोंड उघडलं की दार उघडतं आणि तुमच्या मागोमाग कुरकुरही आत येते. दुसरी गोष्ट खास आपल्या भाषेची. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकारही बहुतेक वेळा शेवटीच. त्यात वाक्य संपता संपता आपला आवाज खाली उतरतो. कडक गेट लावला की नेमकं ते शेपूट कापलं जातं. "तिकडं जाऊ नको"मधला 'नको' गेला की ऐकणाऱ्याला उरतं "तिकडं जाऊ". टीममधल्या मित्राचा जीव गेला की मग कळतं! भावाच्या रेकॉर्डिंगमध्ये हे चार ठिकाणी सापडलं, आणि त्याला वाटत होतं की माईक शब्द खातोय.

नॉइज सप्रेशनची गोष्ट याहून मजेदार. त्यातला एक प्रकार न्यूरल नेटवर्कवर चालतो. माणसाचं बोलणं ओळखायचं आणि बाकीचं दाबायचं, हे तो शिकलेला असतो. पंखा, कूलर, कीबोर्डची खटखट यांवर तो खरोखर जादू करतो. पण हेडफोनमधून गळतं काय? गोळ्यांबरोबर मित्रांची आरडाओरड आणि गेममधल्या पात्रांचे संवाद. म्हणजे माणसांचंच बोलणं! फिल्टर म्हणतो, हे तर राखायचंय. गोळ्या जातात आणि मित्राचं भुतासारखं कुजबुजणं राहतं.

वजाबाकी करायची तर काय वजा करायचं हे आधी ठाऊक हवं. याचं एक भारी उदाहरण १९७४ चं. ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडनं स्पीकरची प्रचंड भिंत उभारली होती, तीही गायकांच्या पाठीमागे. तो सगळा गडगडाट माईकमध्ये शिरणार हे उघड होतं. त्यांनी प्रत्येक गायकाला दोन माईक दिले, उलट्या फेजमध्ये जोडलेले, आणि गायचं त्यातल्या एकातच. भिंतीचा आवाज दोन्हींत सारखा, म्हणून तो एकमेकांत मिटायचा आणि गाणं तेवढं उरायचं. फोनच्या जगात हेच काम वेगळ्या पद्धतीनं झालं. बेल लॅब्जच्या मनमोहन सोंधी यांचा अॅडॉप्टिव्ह एको कॅन्सेलरवरचा शोधनिबंध १९६७ चा. सोंधी आपल्या बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले. समोरच्याचा आवाज स्पीकरकडे जाताना मशिनला माहीत असतोच. तो खोलीतून फिरून माईकमध्ये कसा येईल याचा अंदाज बांधत राहायचं आणि तेवढं वजा करायचं. मीटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आज जे चालतं, त्याचं मूळ हेच. पण तेही अंदाजावर चालतं, त्यात थोडं बोलणंही खरवडलं जातं. मीटिंगला ठीक आहे, कॉमेंट्रीला नको.

कुणी म्हणेल, व्हिडिओत गेमचा आवाज असतोच ना, माईकमधून थोडा आणखी आला तर काय बिघडलं? बिघडतं ते असं की हा दुसरा आवाज काही मिलिसेकंद उशिरा येतो. एकच आवाज जरा मागेपुढे एकावर एक बसला की पोकळ, डब्यातून आल्यासारखा ऐकू येतो. शिवाय एडिटिंगला बसल्यावर गेमचा आवाज कमी केला तरी माईकमधला तसाच राहतो, तो वेगळा काढता येत नाही. म्हणून रेकॉर्डिंग करतानाच गेम एका ट्रॅकवर आणि माईक दुसऱ्या ट्रॅकवर घ्या. ओबीएसमध्ये सहा ट्रॅकपर्यंत सोय आहे. आणि फाइल एमकेव्ही ठेवा. मध्येच लाइट गेली तर साधी एमपीफोर बहुतेक उघडत नाही, एमकेव्ही तिथपर्यंतची शाबूत राहते. महावितरणच्या ग्राहकाला याचं महत्त्व सांगायला नको :)

मोबाईलवर खेळणाऱ्यांसाठी एक वेगळी ओळ. अँड्रॉइड १० च्या आधी, म्हणजे २०१९ पर्यंत, बहुतेक स्क्रीन रेकॉर्डरना गेमचा आवाज आतून घेताच येत नव्हता, स्पीकरवर वाजवून माईकमधून घ्यावा लागायचा. त्या काळातल्या सवयीनं अजूनही पुष्कळ जण स्पीकर चालू ठेवतात. आता रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये आतला आवाज घ्यायचा पर्याय असतो आणि गेमनं परवानगी दिलेली असली की तो चालतो. तो निवडा आणि इअरफोन लावा.

खरं तर यातलं मूळ तत्त्व आपल्याकडच्या प्रत्येकाला माहीत आहे. लग्नाच्या मांडवात माईक 'कुंईऽऽ' करून किंचाळला की साऊंडवाला नवा माईक आणायला बाजारात धावत नाही. माईक बॉक्सकडून वळवतो, बोलणाऱ्याला जवळ घ्यायला सांगतो आणि व्हॉल्यूम उतरवतो. रेडिओवरच्या फोन-इन कार्यक्रमात निवेदिका फोन करणाऱ्याला पहिल्यांदा काय सांगते? "तुमच्या रेडिओचा आवाज कमी करा बरं." दोघांचंही पहिलं लक्ष आवाज येतो त्या जागेकडे.

मला यात एवढा रस का, तेही सांगतो. गेम येतात आणि जातात. २०२० च्या सप्टेंबरात पबजी मोबाईल बंद झाला, २०२१ मध्ये बीजीएमआय आला, २०२२ मध्ये तोही स्टोअरवरून काढला गेला आणि २०२३ मध्ये परतला. खेळ कोणताही असो, त्यावर बोलणारा आवाज टिकला पाहिजे. परभणीचा, हिंगोलीचा, सेलूचा मुलगा आपल्या बोलीत बोलतोय हे मला फार मोलाचं वाटतं. चित्र थोडं अस्पष्ट असलं तर लोक चालवून घेतात, पण बोलणं कळत नसेल तर पुढच्या व्हिडिओवर जातात, आणि तो पुढचा व्हिडिओ बहुधा हिंदी असतो. मग हा मुलगा समजतो की मराठी कुणाला नको आहे. मराठी नकोशी नसते हो, ती नीट ऐकू आलेली नसते. आणि पैसे आहेत त्यालाच स्वच्छ आवाज मिळतो असं त्याच्या मनात एकदा बसलं, की तो बोलणंच सोडून देतो. या सगळ्यात मला सर्वात वाईट वाटतं ते याचं.

भावानं काय केलं? रबरी बोंडाचा इअरफोन घेतला. जुनाच माईक पुस्तकांच्या थप्पीवर ठेवून तोंडाजवळ आणला, बूस्ट शून्यावर, गेट सैल. समोरच्या भिंतीवर मावशीची एक गोधडी लटकते आहे, तिनं खोलीचा घुमारा थोडा कमी केला. अगदी कान देऊन ऐकलं तर मोठ्या स्फोटाला किंचित काहीतरी जाणवतं, पण गेमच्या ट्रॅकखाली ते दडून जातं. आठ हजाराच्या माईकचा विषय काकांपर्यंत गेलाच नाही. वर्षभर नेमानं रेकॉर्ड कर, मग खरंच गरज वाटली तर आपण दोघं मिळून घेऊ, असं मी त्याला म्हटलंय.

तर मंडळी, गेम खेळत असाल तर खेळताना, नाहीतर सोमवारच्या मीटिंगआधी, ती गोधडीची परीक्षा एकदा करून बघा. आपल्या गळतीचा त्रास आपल्याला सोडून सगळ्यांना होत असतो.

असो. कूलरमध्ये पाणी भरायची वेळ झाली. भेटू पुढच्या शनिवारी.